सवलतीतला स्टुडिओ आणि आर्टिस्ट रेसिडेन्सी: सारखे विचारले जाणारे प्रश्न

आर्ट कॉलेजचे निकाल लागले की मेसेज सुरू होतात. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, मडगाव, कुठून कुठून मुलं विचारतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, रेसिडेन्सी म्हणजे नक्की काय, पैसे मिळतात की भरायचे, चित्र तिथेच ठेवून यावं लागतं का. मी प्रिंटमेकर आहे, म्हणजे प्लेट किंवा दगडावरून चित्रं छापते, काही रेसिडेन्सी केल्यात आणि एका ठिकाणी आलेले अर्ज चाळायचं कामही केलंय, म्हणून जे माहीत आहे ते एकत्र लिहून ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते, कुठल्याही जागेबद्दल पहिला प्रश्न हा विचारायचा की या स्टुडिओचं भाडं खरं कोण भरतंय. ते कळलं ना की बाकीचे नियम असे का आहेत ते बरंचसं आपोआप कळतं.

सवलतीतला स्टुडिओ आणि रेसिडेन्सी एकच का?

नाही, पण लोक दोन्ही शब्द सरमिसळ करून वापरतात.

सवलतीतला स्टुडिओ म्हणजे बाजारभावापेक्षा कमी भाड्यात मिळालेली कामाची जागा. राहायचं तुमच्या घरी, चावी तुमच्याकडे, वर्ष-दोन वर्षं किंवा जास्तही. दिल्लीत ललित कला अकादमीचे गढीचे स्टुडिओ १९७६ पासून आहेत ते साधारण या प्रकारातले, अकादमीच्या चेन्नई, कोलकाता, लखनौ, भुवनेश्वरच्या केंद्रांमध्येही सामायिक वर्कशॉप आहेत, म्हणजे ग्राफिकचा प्रेस, सिरॅमिकची भट्टी, शिल्पाची जागा.

रेसिडेन्सीत तुम्ही पाहुणे असता. चार आठवडे, तीन महिने, क्वचित दोन वर्षं, तारीख ठरलेली. बहुतेक वेळा राहायची सोय असते, कधी जेवण, कधी मानधन.

काही ठिकाणी एकाच छताखाली दोन्ही चालतं. लंडनच्या व्हॉक्सहॉल भागातलं गॅसवर्क्स तसं आहे, लंडनच्याच कलाकारांना कमी भाड्याचे स्टुडिओ आणि बाहेरच्या देशांतून आलेल्यांना तीनेक महिन्यांची रेसिडेन्सी. आपल्याकडची बरीच मुलं तिथे जाऊन आलीयत.

पण कोणी फुकटात जागा का देईल? त्यांचा काय फायदा?

हा प्रश्न विचारायला लाजू नका, अख्ख्या विषयात हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सरकार देतं तेव्हा पैसा जनतेचा, म्हणून कागदपत्रं भरपूर, समिती, वयाची अट, रहिवासी दाखला, आणि काम हळू चालतं. पण एकदा मिळालं की तुम्ही काय रंगवताय यात फार कोणी डोकं घालत नाही.

एखादं घराणं किंवा ट्रस्ट देतो तेव्हा देणाऱ्याच्या आवडीचा ठसा असतो आणि त्यात वाईट काही नाही. अहमदाबादचं कनोरिया सेंटर फॉर आर्ट्स १९८४ मध्ये ऊर्मिला कनोरिया यांनी सुरू केलं, इमारत वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी आखलेली, शेजारी सेप्टचं आर्किटेक्चर कॉलेज आणि अमदावाद नी गुफा हे कलादालन. चित्र, शिल्प, सिरॅमिक, प्रिंट सगळ्यांचे स्टुडिओ एकाच आवारात, त्यामुळे कॉलेज संपल्यावर लगेच लागणारी सोबत तिथे मिळते. अमेरिकेत मॅकडॉवेल ही रेसिडेन्सी १९०७ पासून चालू आहे, एडवर्ड मॅकडॉवेल संगीतकार होते आणि मेरियन त्यांची बायको, तिने पुढे कित्येक वर्षं स्वतः फिरून देणग्या गोळा करून ती जागा उभी ठेवली. तिथे राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत आणि दुपारचं जेवण टोपलीत घालून स्टुडिओच्या दाराशी ठेवून जातात, दार वाजवत नाहीत, हेतू हा की हातातलं काम तुटू नये.

तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्याच देशाने किंवा संस्थेने तुमच्यासाठी स्टुडिओ धरून ठेवलेला असतो. पॅरिसचं सिते अँतरनासिओनाल दे झार १९६५ ला सुरू झालं, तिथे तीनशेच्या वर स्टुडिओ आहेत, मारे आणि मोंमार्त्र अशा दोन जागी. त्यातले कितीतरी स्टुडिओ वेगवेगळ्या देशांच्या सरकारांनी, कॉलेजांनी, फाउंडेशननी आपल्या माणसांसाठी घेऊन ठेवलेत, निवडही तेच करतात, आणि वर राहणाऱ्याला दरमहा काही वाटा भरावा लागतो. बर्लिनच्या क्युन्स्टलरहाउस बेथानियनमध्येही बऱ्याच कलाकारांचा खर्च त्यांच्या देशातली संस्था उचलते. म्हणून अशा ठिकाणी 'मला थेट अर्ज करता येईल का' हे आधी विचारायचं, कारण कधीकधी दार तिकडे नसतंच, ते तुमच्याच देशातल्या कुठल्यातरी ऑफिसमध्ये असतं.

शहराला स्वतःची प्रतिमा हवी असते असंही असतं. बर्लिनमध्ये भिंत उभी राहिल्यावर शहर एकटं पडलं, तेव्हा १९६३ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून जगभरच्या कलाकारांना बोलवायचा कार्यक्रम सुरू झाला, दोन वर्षांनी तो डीएएडी या जर्मन संस्थेकडे गेला आणि अजून चालू आहे. त्यात कारण राजकीय होतं पण फायदा कलाकारांचाही झाला.

आणि शेवटचा प्रकार म्हणजे हॉटेल, रिसॉर्ट, बिल्डर. तिथे तुमच्या चित्राने भिंती भरायच्या असतात किंवा तुमच्या नावाने फोटो काढायचे असतात. यातही चांगले लोक आहेत, फक्त करार नीट वाचा.

हे सगळं परदेशी खूळ आहे का? आपल्याकडे आधी असं काही होतं?

होतं, आणि मुंबईतच होतं, हे माहीत नसणारी मुलं भेटली की मला खरंच वाईट वाटतं.

ब्रीच कँडीला वॉर्डन रोडवर, म्हणजे आताच्या भुलाभाई देसाई रोडवर, भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. समुद्राला लागून बंगला. पन्नास-साठच्या दशकात तिथे नाममात्र पैशात कलाकारांना काम करायला जागा मिळायची. चित्रकार हुसेन तिथे काम करायचे, चित्रकार गायतोंडे तिथे होते, रविशंकर यांचं किन्नर हे संगीताचं स्कूल तिथे चालायचं, नाट्यदिग्दर्शक अल्काझी गच्चीवर नाटक करायचे. चित्रकार नलिनी मालानींचा स्टुडिओ तिथे होता तेव्हा त्या अजून जे.जे. आर्ट स्कूलमध्ये शिकत होत्या, विशी पण ओलांडली नव्हती. म्हणजे विचार करा, एका खोलीत कोणी कॅनव्हास ताणतोय, खाली सतार चालू आहे, वर रिहर्सल. हे कुठल्या अभ्यासक्रमात बसवता येत नाही.

गायतोंडे मूळचे गोव्याकडचे, जन्म १९२४ चा नागपूरचा, जे.जे.तून १९४८ ला बाहेर पडले. त्यांचं काम हळू, कॅनव्हासवर रंग चढवायचा, काढायचा, वाट बघायची, वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं. अशा माणसाने मुंबईच्या भाड्यात काय केलं असतं? स्वस्त जागा मिळाली म्हणून ती गती टिकली असं मला वाटतं. पुढे १९६४ ला जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या फंडाची फेलोशिप मिळून ते न्यूयॉर्कला गेले.

दुसरं उदाहरण चित्रकार अकबर पदमसींचं. त्यांना १९६९ ला जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली, आणि त्या पैशातून त्यांनी मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप काढलं, कॅमेरा, एचिंगची म्हणजे धातूच्या प्लेटवरून छापायची सोय, डार्करूम, आणि दुसऱ्या कलाकारांना तिथे येऊन काम करायला मोकळीक. नलिनी मालानींनी फिल्म आणि कॅमेऱ्याशिवायची फोटोग्राफी तिथे केली. एका माणसाच्या फेलोशिपमध्ये कितीजणांचं काम झालं बघा. ते १९७२ ला बंद पडलं. भुलाभाईचा बंगलाही राहिला नाही. मुंबईत जागेची किंमत वाढली की पहिली जागा जाते ती अशीच.

सध्या आपल्या भागात काय आहे?

मुंबईत माझगावला स्पेस ११८ ने बरीच वर्षं तरुण कलाकारांना जागा दिलीय. गोव्यात पणजीच्या आल्तिन्योवर सुनापरांत हे कला केंद्र आहे, परफॉर्मन्सवाल्यांसाठी एचएच आर्ट स्पेसेस. सिरॅमिकवाल्यांसाठी चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघ, पन्नासच्या दशकापासूनचा, तिथे कुंभारकामाची माणसं, माती आणि भट्ट्या एकाच जागी मिळतात आणि त्याबद्दल आपल्याच लोकांना कमी माहिती आहे. प्रिंटमेकिंगसाठी आपल्या बाजूचं बडोदा, तिथला छाप हा प्रिंट स्टुडिओ. दिल्लीत खोज ही कलाकारांची संस्था, १९९७ ला पहिलं वर्कशॉप मोदीनगरला झालं आणि नंतर खिडकी एक्स्टेंशनमध्ये त्यांची इमारत झाली, त्यांची 'पीअर्स' ही रेसिडेन्सी नुकत्याच कॉलेजबाहेर पडलेल्यांसाठीच आहे.

या सगळ्या ठिकाणी कधी अर्ज मागवणारा कॉल निघतो कधी नाही, एखाद्या वर्षी बंदही असतो, त्यामुळे थेट त्यांच्याच पेजवर बघा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या पोस्टरवर भरवसा ठेवू नका.

पैसे मिळतात की भरावे लागतात?

चार तऱ्हा आहेत. एक, सगळं त्यांच्याकडून, जागा, राहणं, प्रवास, मटेरियल आणि वर स्टायपेंड, म्हणजे हातखर्चाचे पैसे. ॲमस्टरडॅमची राइक्सअकादमी या प्रकारातली मोठी, दोन वर्षं, जुन्या घोडदळाच्या बराकीत स्टुडिओ, स्टायपेंड आणि कामासाठी वेगळं बजेट, पण जगभरातून अर्ज येतात. दोन, जागा आणि राहणं फुकट, बाकी तुमचं. तीन, खर्चाचा काही भाग ते उचलतात, काही तुम्ही भरता, यालाच खऱ्या अर्थाने सवलतीतली रेसिडेन्सी म्हणायचं. चार, सगळे पैसे तुमचे, म्हणजे ती भाड्याची खोली आहे, नाव फक्त रेसिडेन्सी.

दोन नंबरच्या प्रकारात मुलं फसतात. 'फुकट आहे' म्हणून निघतात आणि मग कळतं की महिनाभर बाहेर राहायचं तर जेवण, प्रवास, रंग, फ्रेमिंग, परत येताना कुरिअर, आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे तेवढे दिवस बुडालेली कमाई. क्लासेस घेत असाल, भिंती रंगवायची कामं करत असाल तर तो महिना शून्य. आणि घरचं भाडं चालूच. म्हणून अर्ज भरायच्या आधी कागदावर दोन रकाने करा, ते काय देणार आणि माझे खिशातून किती जाणार, आणि बुडालेली कमाई दुसऱ्या रकान्यात लिहायची विसरू नका.

स्टायपेंड नसेल तर पैसे दुसरीकडून उभे करता येतात का?

येतात. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना आहेत, १८ ते २५ वयाच्या कलाकारांना दोन वर्षं दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती, २५ ते ४० वयाला ज्युनियर फेलोशिप दरमहा १०,००० आणि चाळिशीच्या पुढे सीनियर फेलोशिप दरमहा २०,०००, याही दोन-दोन वर्षांच्या. दृश्यकला त्यात येते. रक्कम आणि अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून घ्या. १०,००० मध्ये मुंबईत काही होत नाही हे मान्य, पण सांगलीत किंवा सावंतवाडीत राहून कोणी त्यात दोन वर्षं काम केलं तर तो मोठा आधार आहे, आणि मला वाटतं लहान गावातल्या मुलांनी या योजनांकडे जास्त लक्ष द्यावं.

परदेशासाठी इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन, ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट, स्वित्झर्लंडसाठी प्रो हेल्व्हेशिया, जर्मनीसाठी गोएथे-इन्स्टिट्यूट म्हणजे आपलं मॅक्स म्यूलर भवन, इथे चौकशी करा.

अर्जाची फी मागतात, भरावी का?

लहानशी फी बऱ्याच चांगल्या संस्था घेतात, विशेषतः अमेरिकेत, त्यात गैर नाही, आणि परवडत नसेल तर माफ करा असं लिहिता येतं, करतातही. पण निवड झाल्यावर दोन दिवसांत मोठी रक्कम भरा म्हणणारे, जागेचे फोटो न दाखवणारे, आधीच्या कलाकारांची नावं न सांगणारे, अर्ज केल्यावर तासाभरात 'अभिनंदन' म्हणणारे, यांच्यापासून लांब राहा. आधी राहून गेलेल्या दोघातिघांना इन्स्टावर शोधून सरळ विचारा, लोक खरं सांगतात.

अर्जात काय बघतात?

चित्रं बघतात. आधी चित्रं, मग चित्रं, मग बाकी सगळं. दहा-बारा कामं द्या, ती एकमेकांशी बोलणारी असावीत. कॉलेजातलं एक पोर्ट्रेट, एक लँडस्केप, एक ॲबस्ट्रॅक्ट आणि एक गणपती असा पोर्टफोलिओ आला की तुम्हाला सगळं येतं हे कळतं पण तुम्हाला काय करायचंय ते कळत नाही. फोटो सावलीत, सरळ समोरून, कडा कापून, खाली माप आणि माध्यम. मोबाईलने काढलेला चालतो, फ्लॅशची चकाकी चालत नाही. अर्ज चाळताना एका कामावर काही सेकंदच जातात, हे कठोर वाटेल पण तसंच असतं.

प्रपोजलमध्ये 'ही जागाच का' याचं उत्तर हवं. प्रेस हवाय म्हणून, भट्टी हवीय म्हणून, त्या गावातल्या मिठागरांवर काम करायचंय म्हणून, काहीही, पण खरं आणि नेमकं. 'मला माझ्या कलेचा शोध घ्यायचाय' हे प्रत्येक दुसऱ्या अर्जात असतं.

इंग्रजी नीट येत नाही, स्टेटमेंट कसं लिहू?

स्टेटमेंट म्हणजे आपल्या कामाबद्दल आपणच लिहिलेल्या चार ओळी. त्या आधी मराठीत लिहा, जसं मित्राला सांगाल तसं. गावी दुष्काळात विहीर आटली आणि तिच्या तळाचे थर बघून मी लिथोचे (दगडावरून छापलेल्या चित्राचे) थर करायला लागलो असं कोणी लिहिलं तर ते सोन्यासारखं वाक्य आहे. मग कोणाकडून तरी साधं भाषांतर करून घ्या. कॅटलॉगमधले जड शब्द आणून लावू नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा माणूस असं बोलत नाही. इंटरव्ह्यू असेल तर आधीच मेल करून विचारा की हिंदीत किंवा मराठीत बोललो तर चालेल का. आपल्याकडच्या संस्था बहुतेक हो म्हणतात आणि म्हणायलाच हवं.

डिग्री लागते का? मी कॉलेजला गेलेलो नाही.

सरकारी योजनांमध्ये कागद लागतात, खाजगी रेसिडेन्सीत बहुतेक वेळा नाही. पारंपरिक कला करणाऱ्यांनी, वारली असो, कावी असो, चित्रकथी असो, संकोच न करता अर्ज करावा. पण 'लोककलाकार' म्हणून बोलावून पाहुण्यांसमोर डेमो द्यायला बसवणार आणि बाकीच्यांना मात्र स्टुडिओत निवांत काम, असं नाही ना, हे विचारून घ्या. सगळ्यांना सारखा वेळ, सारखी जागा, सारखे पैसे, हे मागायचा तुम्हाला हक्क आहे.

जागेबद्दल आधी काय काय विचारू?

हे मी जरा सविस्तर सांगते कारण इथे महिना वाया जाताना पाहिलाय.

दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण. खरंच. सहा बाय पाचचा कॅनव्हास आत ताणला, महिनाभर रंगवला आणि बाहेर काढताना दारातून जाईना, मग ओला रंग असताना स्ट्रेचरवरून सोडवून रोल करायची वेळ, आणि जाड रंग असला की तो रोलमध्ये तडकतो. मग खिडकी कुठल्या दिशेला, संध्याकाळनंतर लाईट कोणता, पिवळा बल्ब की पांढरी ट्यूब, कारण पिवळ्यात लावलेला निळा सकाळी वेगळाच दिसतो. भिंतीला खिळा मारू देतात का. पाण्याचं सिंक खोलीत आहे की मजल्याच्या टोकाला. रात्री किती वाजता गेट बंद होतं. आवाज चालतो का, शिल्पवाल्यांनी ग्राइंडरबद्दल आधीच विचारा, आणि थ्री-फेज कनेक्शन आहे का तेही.

प्रिंटवाल्यांनी प्रेसच्या बेडची साइझ विचारा, नुसतं 'प्रेस आहे' यावर जाऊ नका. फेल्ट ब्लँकेट कधी बदललीत, ॲसिडच्या जागी एक्झॉस्ट आहे का, ॲक्वाटिंट बॉक्स चालू आहे का, आणि मदतीला टेक्निशियन आहे का. एका ठिकाणी प्रेस देखणा होता पण प्रेशरचा एक स्क्रू आटे गेलेला, एका बाजूला शाई गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट, कितीही पुठ्ठ्याचे तुकडे घातले तरी एडिशन, म्हणजे एकाच प्लेटचे सगळे छाप, काही सारखं निघेना. फोटोत असं काही दिसत नाही, फोनवर विचारलं की कळतं.

कोकणात, गोव्यात पावसाळ्यातली तारीख मिळाली तर कागदाला बुरशी धरते हे लक्षात ठेवून जा. कागद प्लास्टिकमध्ये, सिलिका जेल, आणि ऑइल वाळायला दुप्पट दिवस धरा.

शेवटी काम पूर्ण दाखवावंच लागतं का?

संस्थेवर आहे. बहुतेक ठिकाणी शेवटी ओपन स्टुडिओ असतो, म्हणजे एक-दोन दिवस दारं उघडी आणि लोक येऊन बघतात. अर्धवट काम, स्केचबुक, फसलेले प्रूफ मांडले तरी चालतं, उलट लोक त्यावरच जास्त बोलतात. पण काही ठिकाणी करारातच 'दोन पूर्ण चित्रं' असं असतं. मला स्वतःला असं वाटतं की ज्या रेसिडेन्सीत काहीतरी पूर्ण करायची सक्ती आहे तिथे माणूस नवीन काही करून बघत नाही, हाताला येतं तेच करतो, आणि मग एवढ्या लांब येऊन उपयोग काय. निवडायची संधी असेल तर विनासक्तीची निवडा.

एक चित्र ठेवून घेतात, ते द्यावं का? आणि कॉपीराइट?

एक काम संस्थेच्या संग्रहाला द्यायची पद्धत जुनी आहे. चार-सहा आठवडे राहणं, जेवण, मटेरियल सगळं दिलं असेल तर एक प्रिंट किंवा एक लहान काम देणं मला रास्त वाटतं. 'कुठलं घ्यायचं ते आम्ही ठरवू' असं असेल तर मात्र थांबा, ते दोघांनी मिळून ठरवायचं असतं. आणि सगळी केलेली कामं आमची असं म्हणणारी जागा म्हणजे मजुरी आहे, त्याचे मजुरीसारखे पैसे मागा.

चित्र दिलं म्हणजे कॉपीराइट दिला असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरतात. म्हणजे सही करायच्या कागदात 'कायमस्वरूपी, जगभरात, सर्व माध्यमांत' असे शब्द दिसले की तिथे पेन खाली ठेवा आणि विचारा. त्यांच्या वेबसाइटवर, रिपोर्टमध्ये फोटो वापरायची परवानगी द्यायला हरकत नाही, कॅलेंडर किंवा कॉफीचे मग छापून विकायची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे.

तिथे असताना चित्र विकलं गेलं तर?

करार बघा. काही जागा टक्केवारी घेतात, काही काहीच घेत नाहीत. आधी बोलून ठेवा म्हणजे नंतर मन कडू होत नाही.

स्टायपेंडवर टॅक्स लागतो का?

लागू शकतो. कधी टीडीएस कापून देतात, मग तो आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो आणि उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून परत मिळतो. स्कॉलरशिप आणि मानधन यांना वेगळे नियम लागतात, म्हणून पत्रात नेमका कोणता शब्द आहे ते घेऊन एखाद्या सीएकडे जा.

परदेशात जायचंय, काय काळजी घेऊ?

निमंत्रणपत्रात तारखा, राहण्याचा पत्ता आणि खर्च कोण करणार हे स्वच्छ लिहून घ्या, व्हिसावाले तेच बघतात. युरोपच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, म्हणूनच तिकडच्या कितीतरी रेसिडेन्सी तीन महिन्यांच्या आत बसवलेल्या असतात. ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. टर्पेंटाइन, थिनर, स्प्रे फिक्सेटिव्ह विमानात चालत नाही, सामानातही नाही, तिथेच विकत घ्यायचं, त्याचं बजेट धरा. कॅनव्हास रोल करून, रंगलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, आत ठेवली की सुरकुत्या पडतात.

लहान मूल आहे, नोकरी आहे, घरचे सोडत नाहीत. मग हे आपल्यासाठी नाहीच का?

हा प्रश्न जास्त करून मुलीच विचारतात आणि मला याचं उत्तर देताना राग येतो, कारण बहुतेक रेसिडेन्सी आखताना कलाकार म्हणजे एकटा, मोकळा माणूस असंच गृहीत धरलेलं असतं. पण हळूहळू बदलतंय. मुलाला घेऊन आलं तर चालेल का हे सरळ विचारा, महिना सलग जमत नसेल तर दोन-दोन आठवडे असे तुकडे करता येतील का विचारा. नाही म्हणाले तरी विचारणाऱ्यांची संख्या वाढली की नियम बदलतात. आणि अशांसाठीच खरं तर राहत्या शहरातला स्वस्त स्टुडिओ रेसिडेन्सीपेक्षा उपयोगाचा असतो, सकाळी मूल शाळेत सोडून चार तास काम करून परत. आपल्या शहरांमध्ये तोच नेमका नाही.

मुदत संपल्यावर थोडं जास्त राहू देतात का?

आठवडाभर, कधीतरी. त्यापेक्षा जास्त मागू नका, पुढचा माणूस बाहेर थांबलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये वेस्टबेथ म्हणून जागा आहे, बेल लॅबोरेटरीजची जुनी इमारत, १९७० मध्ये ३८४ घरं-कम-स्टुडिओ करून कलाकारांना कमी भाड्यात दिली. लोक आले ते राहिले, तिथेच म्हातारे झाले, आणि वेटिंग लिस्ट एवढी लांबली की ती वर्षानुवर्षं बंद ठेवावी लागली. त्या म्हाताऱ्या कलाकारांना बाहेर काढा असं मी कधीच म्हणणार नाही, ते घर आहे त्यांचं. पण पन्नास वर्षांनंतरच्या पोराला तिथे जागा नाही हेही खरं. म्हणून स्टुडिओ देणाऱ्याने हे घर आहे की थोडे दिवस थांबायची जागा आहे हे पहिल्याच दिवशी ठरवून सांगायला हवं.

आम्ही पाच-सहा मित्र मिळून असं काही सुरू करू शकतो का?

करू शकता, आणि मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच. लंडनमध्ये १९६८ ला ब्रिजेट रायली आणि पीटर सेजली यांनी सेंट कॅथरिन डॉक्सची रिकामी गोदामं कलाकारांसाठी मिळवली, तीच स्पेस ही संस्था. १९७२ ला आर्ट कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या पोरांनी अॅक्मे काढली, त्यांना राहायला आणि कामाला जागा हवी होती एवढंच. नगरपालिकेने पाडायला ठेवलेली पडीक घरं त्यांनी तात्पुरती मागून घेतली, स्वतः दुरुस्त केली. आज दोन्ही संस्थांकडे शेकड्याने स्टुडिओ आहेत. सुरुवात रिकाम्या जागेच्या शोधापासून झाली, पैशापासून नाही.

आपल्याकडेही बंद पडलेल्या शाळेच्या खोल्या, जुनी गोदामं, एमआयडीसीतले रिकामे शेड, वाड्याचा मागचा भाग, हे सगळं आहे. मालकाशी लेखी करा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं, तोंडी बोलण्यावर प्रेस आणि भट्टी नेऊन बसवू नका. लाईटबिल कोणाच्या नावावर, छप्पर गळलं तर कोण बघणार, एकजण मधेच सोडून गेला तर त्याचं भाडं कोण भरणार, हे मैत्री चांगली असतानाच कागदावर घ्या. पुढे बाहेरच्यांना सवलतीत जागा द्यायची असेल तर ट्रस्ट किंवा सेक्शन ८ कंपनी म्हणजे ना-नफा कंपनी करावी लागेल, मग कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधीही मागता येतो, कारण कला आणि संस्कृती हा २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या यादीतला विषय आहे. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए नोंदणी लागते, ती लगेच मिळत नाही, सुरुवातीला तिच्या नादी लागू नका.

आणि पहिल्या दिवसापासून एक टेबल जास्तीचं ठेवा, गावाबाहेरून आलेल्या कोणाला तरी महिनाभर फुकट बसता येईल असं. सहाजणांच्या भाड्यात सातवं टेबल निघतं.